अंगठ्याची गोळी, घोट्याची गोळी

अमळनेरला आमच्या घराला भिंत लागून धुरपदाबाईंचं घर होतं. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची. वय साठीच्या आसपास, अंगानं भरलेल्या, आणि हात असे की बघत राहावं. लग्नसराईत मांडे करायला अक्कांना लांबलांबून बोलावणं यायचं. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत, फिरवत, कोपरापर्यंत पसरवत न्यायच्या आणि तापलेल्या खापरावर असा टाकायच्या की कडेला सुरकुती पडायची नाही. नव्या सुना ते शिकायला त्यांच्या चुलीपाशी येऊन बसायच्या आणि बोटं भाजून घरी जायच्या.

नव्वद सालच्या आधीची गोष्ट. आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती. एके दिवशी सकाळी अक्कांचे यजमान, जीवरामनाना, आमच्या ओट्यावर आले. नाना तेलाच्या गिरणीतून निवृत्त झालेले, एरवी मोजकं बोलणारे. म्हणाले, "जरा ये वं. ती पाय खाले ठेवू देत नही."

मी गेले तर अक्का खाटेवर बसलेल्या. उजव्या पायाचा अंगठा मुळापाशी लालभडक, चकाकणारा, सुजून टोमॅटोसारखा झालेला. मी नुसता पदर सावरला, त्याचा वारा लागला असेल नसेल, तर त्या ओरडल्या.

"हात नको लावू! अंगठावर कोणी तरी इस्तो ठेयेल शे."

इस्तो म्हणजे निखारा. रात्री झोपताना पाय चांगला होता, सकाळी हे असं. काटा मोडला म्हणावं तर काटा दिसेना. कोणी म्हणालं विंचू, कोणी म्हणालं नस चढली. समोरच्या भिकुबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. नानांनी हळदीचा लेप केला, पण लेप लावू कोण देतंय?

पुढच्या आठवड्यात दोन लग्नांचे मांडे होते. अक्कांना पायापेक्षा त्याचाच घोर. शेवटी नानांनी टांगा बोलावला आणि आम्ही त्यांना पितांबर डॉक्टरांकडे नेलं. पितांबर डॉक्टर गावातलेच, वडिलांच्या जागेवर दवाखाना चालवायचे. त्यांनी पाय बघितला, अंगठ्याला हात न लावताच मान हलवली, रक्त तपासायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं आणि म्हणाले, "अक्का, हा गाऊट आहे. रक्तात युरिक अ‍ॅसिड वाढतं, त्याचे बारीक खडे सांध्यात जमतात. मटण-दारू काही...?"

वाक्य पुरं व्हायच्या आधीच अक्का खवळल्या. अक्का महानुभाव पंथाच्या. त्यांच्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नव्हतं.

"डाक्टर, मी दारूना वास बी लेत नही! तुम्ही काय बोली ऱ्हायनात?"

"विचारावं लागतं हो. न खाणाऱ्यांनाही होतो हा आजार."

"मंग माले काब्रं व्हयना?"

डॉक्टर म्हणाले, कुणाच्या घराण्यात असतो, कुणाची मूत्रपिंडं नीट गाळत नाहीत, कुणाला दुसऱ्या औषधानं होतो. मग त्यांनी विचारलं, "दुसरी कुठली गोळी चालू आहे का?"

अक्का म्हणाल्या, "पायनी? नही."

त्यांना रक्तदाबाची गोळी चालू होती. शिरपूरला मुलाकडे, उखर्डूकडे, असताना एकदा चक्कर आली होती, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी लावलेली. तिनं लघवी जास्त व्हायची. पण ती डोक्याची गोळी, पायाची नव्हे, असा त्यांचा हिशेब. खोटं त्या बोलल्या नाहीत. विचारलेल्या प्रश्नाला त्यांनी त्यांच्या परीनं खरंच उत्तर दिलं होतं.

डॉक्टरांनी दोन औषधं लिहिली आणि समजावून सांगितलं. पहिली गोळी दुखण्याची, जेवण झाल्यावर, थोडेच दिवस. दुसरी आत्ता नाही, पाय पूर्ण शांत झाल्यावर सुरू करायची आणि मग रोज घ्यायची. ती दुखणं थांबवत नाही, रक्तातलं अ‍ॅसिड हळूहळू खाली आणते, त्याला महिने लागतात. सुरुवातीला उलट एखाद्या वेळी सांधा पुन्हा उठेल, म्हणून घाबरून ती सोडायची नाही. पाणी भरपूर प्यायचं. अंगाला खाज सुटली, पुरळ उठलं, ताप आला, तर मात्र गोळी ताबडतोब बंद आणि लगेच इकडे यायचं.

मी तिथेच होते. डॉक्टरांनी सगळं सांगितलं होतं, कुठे चुकले नव्हते. पण दवाखान्यात गर्दी, अक्कांचं लक्ष अंगठ्यात, नानांचं लक्ष बाहेर थांबलेल्या टांग्यात. घरी येईपर्यंत त्या सगळ्यातून एकच गोष्ट अक्कांच्या ध्यानात उरली: ती गोळी सोडायची नाही.

गल्लीत मात्र वेगळंच पसरलं. कोणाच्या तरी जावयाला हाच आजार होता आणि तो पिणारा होता. झालं. "हाऊ तं दारूड्यासना रोग शे," असं नळावर बायका बोलल्या आणि त्या नानांकडे संशयानं बघायला लागल्या. नाना बिचारे गोंधळून गेले. त्यांनी उभ्या आयुष्यात विडीसुद्धा ओढली नव्हती. अक्का म्हणायच्या, "त्यासनी पिदी आसती तं त्यासना पाय सुजता, मना काब्रं सुजना?"

दुखण्याच्या गोळीनं पाय उतरला. त्या लग्नांचे मांडे दुसरीनं केले, अक्का खुर्चीवर बसून सांगत राहिल्या. मग त्यांनी रोजची गोळी सुरू केली. सकाळी देवापुढे हात जोडायच्या, गोळी घ्यायच्या, वर तांब्याभर पाणी. पाणी प्यायचंही लक्षात राहिलं होतं म्हणायचं.

आणि थोड्याच दिवसांत डावा घोटा सुजला.

आता मात्र अक्कांच्या डोक्याची पार खिचडी झाली. गोळी नव्हती तेव्हा एक अंगठा दुखत होता. गोळी सुरू केली तर अंगठा बरा आणि घोटा धरला. मग ही गोळी दुखणं बरं करते, की एका सांध्यातून दुसऱ्या सांध्यात ढकलते? नाना म्हणाले, "फेकी दे ती." अक्का म्हणाल्या, "डाक्टरनी सांगं, सोडानी नही." नानांनी पाकीट कोठीत लपवलं. अक्कांनी शोधून काढलं. मी म्हणाले, डॉक्टरांना जाऊन विचारू या. पण तेवढ्यात सोनगीरहून निरोप आला. अक्कांची धाकटी बहीण झुंबरबाई तिथे दिलेली, तिच्या नातवाचं जावळ होतं. एवढ्याशा घोट्यासाठी बहिणीकडचं कार्य चुकवायचं, हे अक्कांना पटणारं नव्हतं. लंगडत एसटीत चढल्या. गोळ्यांचं पाकीट घरीच, देवाच्या कोनाड्यात राहिलं.

सोनगीरला घोटा इतका भडकला की झुंबरबाईंच्या मुलानं त्यांना धुळ्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "आधी काही औषध चालू आहे?"

"शे एक. धवळी, गोल गोळी."

"नाव काय?"

"नाव कोणले माहीत? अमळनेरमां शे ती."

डॉक्टर म्हणाले, ते पाकीट आणून दाखवा, त्याशिवाय रोजची नवी गोळी सुरू करू नका. घोट्याचं दुखणं कमी करायला औषध दिलं आणि दुखणं गेल्यावर रोज घ्यायची म्हणून एक गोळी लिहून दिली. भाच्यानं ती लागलीच घेऊनही ठेवली, पुन्हा धुळ्याला खेप नको म्हणून. हिरव्या छपाईचं पाकीट. अमळनेरचं लाल होतं. दाखवायला जायचं ते मात्र मागे पडलं. अक्का घरी आल्या, घोटा उतरला, आणि दोन्ही पाकिटं कोनाड्यात शेजारीशेजारी बसली.

एकदा मी सहज गेले होते तेव्हा त्या एकापाठोपाठ एक दोन्ही गोळ्या घेत होत्या. मी विचारलं, "अक्का, दोन का?"

त्यांनी मला एखाद्या मठ्ठ मुलीला समजवावं तसं समजावलं. "हाई अमळनेरनी, अंगठानी. हाई धुळानी, घोटानी."

मला ते त्या वेळी बरोबरच वाटलं. दोन डॉक्टर, दोन सांधे, दोन रंगांची पाकिटं, वर इंग्रजीत दोन वेगळी नावं. गोंधळ व्हावा असं त्यात मला तरी काही दिसलं नाही.

श्रावण लागला. अक्कांना पोटावर, पाठीवर खाज सुटली. आधी बारीक लाल ठिपके, मग ते एकमेकांत मिसळून पाठ सगळी लाल. अंगात कणकण. भिकुबाई म्हणाल्या पित्त उठलं, आमसुलाचं पाणी लावा. लावलं. सोनगीरहून झुंबरबाई बघायला आल्या, त्या म्हणाल्या गोवर आहे, आणि उशाशी लिंबाचा पाला ठेवला. या वयात गोवर? असतो म्हणे कधी कधी. मग डोळे लाल झाले, तोंडात फोड आले, भाकरीचा तुकडा गिळवेना. अक्का तापात पडून होत्या, पण सकाळी हात लांब करून कोनाड्यातलं मागायच्या. भाकरी जात नव्हती, पण पाण्यासोबत दोन्ही गोळ्या जात होत्या. सोडायची नाही म्हणजे नाही.

त्या सुमारास उखर्डू शिरपूरहून आला. त्याला कोणी कळवलं नव्हतं, सणाला म्हणून आला होता. दारात उभा राहून आईकडे बघत राहिला.

"माय, हाई काय व्हयनं?"

"काय म्हाईत भाऊ. कोणी म्हणस पित्त, कोणी म्हणस गोवर."

"गोळ्या कोणत्या खाई ऱ्हायनी?"

अक्कांनी कोनाड्याकडे बोट केलं. उखर्डूलाही त्यातलं काही कळलं नाही. पण त्यानं एक केलं. कोनाड्यात, फडताळात, आईच्या पिशवीत जेवढ्या म्हणून गोळ्या होत्या, रक्तदाबाचीसुद्धा, त्या सगळ्या रुमालात बांधल्या आणि आईला उचलून रिक्षात घातलं.

पितांबर डॉक्टरांनी अक्कांचं तोंड उघडून बघितलं, पाठ बघितली, आणि रुमाल सोडला. लाल पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचली. मग हिरवं वाचलं. मग खुर्चीत टेकले.

"ही दोन्ही औषधं एकच आहेत. कंपन्या वेगळ्या, नावं वेगळी, आत औषध तेच. अक्का दोन्ही घेत होत्या?"

"हो," मी म्हणाले.

"आणि अंगावर उठल्यावरही?"

नानांचा आवाज मी पहिल्यांदाच इतका चढलेला ऐकला. "तुम्हीच सांगं व्हतं ना, डाक्टर! सोडानी नही! ती मरी जाई पन सोडाव नही, आसं तिनं धरं! आते इचारतस, काब्रं लिधी?"

डॉक्टरांनी हातातलं पाकीट खाली ठेवलं. मग हळू म्हणाले, "नाना, दुखलं म्हणून सोडायची नाही, असं सांगितलं होतं. पुरळ आलं तर त्याच क्षणी बंद, असंही सांगितलं होतं. दोन्ही खरं आहे."

नाना त्यांच्याकडे बघत राहिले. सोडायचीही नाही आणि बंदही करायची. हे दोन्ही खरं कसं असेल, ते त्यांना तिथे उभ्या उभ्या उलगडणं शक्यच नव्हतं. मलाही ते पुढे बऱ्याच दिवसांनी नीट समजलं.

डॉक्टरांनी तिसरं पाकीटही बघितलं, रक्तदाबाचं. "ही कधीपासून?" उखर्डूनं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "या गोळीनं रक्तातलं युरिक अ‍ॅसिड वाढतं. आणि ही चालू असताना त्या गाऊटच्या गोळीचा धोकाही जास्त." मग त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि जीप ठरवून अक्कांना धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. म्हणाले, आजच जा, उद्यावर नको.

अक्का तिथे बरेच दिवस होत्या. सुयांवर सुया झाल्या. मूत्रपिंडांवर, यकृतावर सूज आली होती, असं उखर्डू सांगायचा. मी भेटायला गेले तेव्हा त्यांचा चेहरा ओळखू येईना. अंगाची कातडी पापुद्र्यांसारखी निघत होती. तळहातांचीही. तापलेल्या खापरापुढे ज्या हातांना कधी चटका जाणवला नाही, त्यांना चादरीचा स्पर्श सोसवत नव्हता.

शुद्ध नीट आल्यावर त्यांनी तिथल्या डॉक्टरांना विचारलं, "दोन दोन लिध्या म्हनीसन आसं व्हयनं का?"

ते डॉक्टर तरुण होते. म्हणाले, "दोन घेतल्यानं धोका वाढला. तुमची मूत्रपिंडं आधीच थोडी कमजोर होती, त्यानंही वाढला. पण आजी, काही लोकांना हे एका गोळीनंही होतं. तुम्हाला एकीनंच झालं असतं का, ते मला सांगता येणार नाही."

"मंग चूक कोणनी?"

त्यांनी अक्कांच्या हातावरची पट्टी नीट केली.

घरी आणताना त्यांनी एवढं बजावून सांगितलं: हे औषध पुन्हा आयुष्यात कधी घ्यायचं नाही. पाकिटावरच्या नावावर जाऊ नका, आतल्या औषधाचं नाव पाठ करा, आणि कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर आधी ते सांगा. औषधाचं नाव अ‍ॅलोप्युरिनॉल. अक्कांना लिहितावाचता येत नव्हतं, आणि हे नाव जिभेवर बसेना. आलो, आलोपी, आलोपुरी... मग त्या स्वतःच थांबल्या आणि म्हणाल्या, "आलूपुरी!" उखर्डू इतक्या दिवसांनी हसला. डॉक्टर म्हणाले, आलूपुरी तर आलूपुरी, मला कळेल ते.

त्यानंतर साधा खोकला झाला तरी अक्का औषध हातात घ्यायच्या आधी विचारायच्या, "यामां आलूपुरी नही ना?" दुकानदार पहिल्यांदा गोंधळायचे. पितांबर डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी बदलून दिली. सांधा उठला तर थोडे दिवस घ्यायला वेगळी बारीक गोळी दिली, जुलाब लागले की तीही थांबवायची, असं बजावून. या खेपेला त्यांनी सगळं एकदम सांगितलं नाही. एक गोष्ट सांगायचे आणि म्हणायचे, "आता तुम्ही मला सांगा, काय करायचं?" अक्का सांगायच्या, मगच पुढची.

हातांना नवी कातडी आली, पण ती पोरीबाळींसारखी मऊ. पुढच्या आखाजीला अक्का हट्टानं खापरापुढे बसल्या आणि पहिल्याच मांड्याला हात मागे घेतला. मी तिथेच होते. त्यांनी आपल्या तळहाताकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्या कोणाचा होता. हळूहळू हात पुन्हा घट्ट झाले, पण मोठ्या लग्नांना त्या गेल्या नाहीत. घरी यायच्या त्या सुनांना शिकवायच्या.

त्यानंतर साल दीड साल गेलं असेल. भिकुबाईंचे यजमान पुनाआबा एके सकाळी पाय धरून बसले. अंगठा. तोच लाल, तोच चकाकता. भिकुबाई धावत अक्कांकडे आल्या. "अक्का, तुमन्या उरेल गोळ्या व्हतीन तं द्या ना."

अक्का अशा उठल्या की मला वाटलं भांडतील. "एक बी नही! मन्या गोळ्या मन्या. आबासले डाक्टरकडे ली जा. घरमां जे जे औषध शे, बठ्ठं संगे ली जा. चाल, मी बी येस."

आणि खरंच गेल्या. पितांबर डॉक्टरांनी पुनाआबांचं रक्त तपासलं, मूत्रपिंडं तपासली, दुसरी औषधं विचारली, दुखणं उतरू दिलं, आणि मग थोड्या मात्रेत एक गोळी सुरू केली. अक्कांनी तिचं नाव विचारलं. डॉक्टर म्हणाले, "आलूपुरीच आहे, अक्का."

अक्कांचा चेहरा उतरला. "डाक्टर, ती तं ईख शे!"

"तुम्हाला विष. बहुतेक लोकांना मानवते. त्यांना मानवेल असं दिसतंय. आणि पुरळ आलं तर बंद, हे आबांना तुमच्याइतकं कोण सांगणार?"

पुनाआबांना ती मानवली. पहिल्या महिन्यांत एकदा अंगठा उठला, त्यांनी गोळी सोडली नाही, डॉक्टरांना जाऊन भेटले. मग त्यांचा पाय असा सुधारला की म्हातारा रोज सकाळी बोरी नदीपर्यंत चालत जाऊन यायचा. मटण मात्र त्यांनी सोडलं नाही, फक्त कमी केलं.

अक्कांना ते काही केल्या कळलं नाही. ओट्यावर बसून त्या मला विचारायच्या, "सांग बरं, मी माळ धरेल बाई, मना अंगनी साल निंघनी. त्यो बोकड्या खाये, त्याले गुण. गोळी एकच. हाऊ कोणता न्याय शे?" मी म्हणायचे, न्याय नाही अक्का, ज्याचं त्याचं शरीर. त्या मान हलवायच्या. पटलं म्हणून नव्हे, मला तरी जास्त काय कळतंय म्हणून.

पण पुनाआबा नदीवरून परतताना ओट्यासमोर आले की त्या हाक मारायच्या, "आबा, थांबा. सदरा वर करा, पाठ दाखाडा." भर गल्लीत म्हातारा सदरा वर करून उभा राहायचा आणि भिकुबाई दारातून हसत सुटायच्या. अक्का डोळे बारीक करून पाठ वरपासून खालपर्यंत न्याहाळायच्या.

"नही काही. जा."